कोरडा आवाज

आयव्हर प्रॉथरो दुकानात आला तेव्हा
एका हातात अँप होता, दुसऱ्यात नातवाची भेट.
अँप बावीस किलोचा. भेट शाळेच्या पुस्तकाएवढी.
"हिच्यात दोनशे अँप आहेत म्हणे," तो म्हणाला,
"त्यातला एकही माझा नाही."

पोर्ट टॅल्बटमध्ये माझ्याकडे अशीच माणसं येतात,
भट्ट्या विझल्यावर उरलेली,
गुरुवारी क्लबात वाजवणारी.

मी ऐकलं.
गिटार, मग ती पेटी, मग अँप, एकामागे एक,
त्यानं घरी जोडलं होतं तसंच.
स्वर सगळे जागेवर.
पण कुणीतरी आधी पुसून, घडी घालून
पिशवीत भरून दिल्यासारखे.
बोट तारेवरून घसरतं ती किरकिर नाही,
तार जोरात छेडली की फुटते ती खरखर नाही.
दुधात पाणी म्हणावं तर तेही नाही,
ही दुधाची भुकटी.

"तुला जाणवतं कसं?" मी विचारलं,
कारण त्याच्या दोन्ही कानांत यंत्रं होती.
"रोलिंग मिलमध्ये एकतीस वर्षं.
वरच्या पट्टीतलं सगळं तिथंच राहिलं. पक्षी तर केव्हाच गेले.
मला कळतं ते इथं."
त्यानं नडगीवर टिचकी मारली.
"अँपपुढे उभं राहिलं की पॅण्ट हलली पाहिजे."

मी अँप उलटा केला.
साठून राहिलेली वीज आधी काढून टाकली,
तरी डावा हात खिशातच.
दोन्ही हात आत घातले
तर विजेची वाट काळजावरून जाते.
आत डाक मोठाले, पण पक्के.
पत्र्यावर पेन्सिलीनं: डेलिथ प्रॉथरो, मार्च अडुसष्ट.

"ही कोण?"
तो बराच वेळ वाकून बघत राहिला.
"बहीण. टीव्हीच्या कारखान्यात होती.
मला म्हणाली होती, कार्डिफहून विकत आणला.
पैसेही घेतले नव्हते. म्हणाली, नंतर दे."

नंतर काय झालं ते त्यानं सांगितलं नाही,
मी इस्तरी गरम व्हायची वाट बघत होते.
डाक द्यायची इस्तरी, कपड्यांची नव्हे.

तिची एकही तार तोडली नाही.
मूळ वाट होती तशी राहू दिली,
तिच्या कडेनं फक्त एक पायवाट काढली,
पेटीपर्यंत जाणारी, पेटीकडून परत येणारी,
आणि जिथं ती पुन्हा मिळते तिथं एक छोटी खुंटी.
पेटीला बजावलं:
तुझे दोनशे अँप झाकून ठेव,
नकली स्पीकर बंद,
मूळ आवाजाची नक्कल तर अजिबात नको, तो इकडे आहे.
तू नुसते पडसाद दे.
पाहुणी म्हणून ये, सातबारा मागू नकोस.

आमच्या धंद्यात मूळ आवाजाला कोरडा म्हणतात,
पडसाद मिसळला की ओला.
शब्द उलटे आहेत असं मला नेहमी वाटतं.

मग घरघर सुरू झाली.
दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावले, बरीचशी गेली.
उरलेली शोधायला मी पुन्हा वाकले
तर आयव्हर म्हणाला, "ती राहू दे.
ती पहिल्यापासून आहे."

त्यानं वाजवलं.
काय वाजवलं ते विचारू नका, चार सूर, तेच तेच.
खुंटी आधी शून्यावर,
मग केसभर पुढं,
मग पुन्हा मागं, मग केसाहून कमी पुढं.
मी त्याच्या चेहऱ्याकडे नाही, पॅण्टकडे बघत होते.
हलली.

बिलाचे पैसे त्यानं दोनदा मोजले.
"तो पत्रा झाकशील ना पुन्हा?"
झाकते, म्हटलं.
"पेन्सिलीवर हात लागू देऊ नकोस."

चार स्क्रू. तीन जुने,
चौथा कधीतरी कुणीतरी बदललेला, दुसऱ्याच मापाचा.
तो नीट बसत नाही.